गवई, तबकडी आणि ग्रंथ

गाणें ही गुरुमुखी विद्या आहे, असें आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. आणि तें मानणें चुकीचें नाहीं. गुरूनें स्वर लावावा, शिष्यानें तो उचलावा, चुकला तर गुरूनें थांबवावें व पुन्हां लावावयास सांगावें, याच क्रमानें ही विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली. लेखनाला या व्यवहारांत फारसें स्थान नव्हतें. चीजा वह्यांत उतरून ठेवण्याचा प्रघात कांहीं घराण्यांत होता. पण त्या वह्यांत बहुधा शब्द असत, स्वर नसत, आणि त्या सहसा परक्याच्या हातीं पडत नसत.

गेल्या सव्वाशें वर्षांत मात्र गवयाच्या घरांत दोन नव्या वस्तूंनीं प्रवेश केला. एक छापील ग्रंथ, आणि दुसरी ध्वनिमुद्रिका, म्हणजे आपली नेहमींची रेकॉर्ड किंवा तबकडी. या दोन्ही वस्तू रसिकांच्याही घरीं असतात. पण रसिकाचें त्यांच्याशीं असलेलें नातें निराळें, आणि ज्याला उद्यां स्वतः बैठकीवर बसून गावयाचें आहे त्याचें नातें निराळें. रसिक तबकडी लावतो ती सुखासाठीं. सुख झालें कीं त्याचें काम संपलें. गवयाचें काम तेथून सुरू होतें. ऐकलेल्या गाण्यांतून त्याला स्वतःच्या गळ्यासाठीं कांहीं मिळवावयाचें असतें, आणि तें मिळवतांना स्वतःजवळचें कांहीं गमवावयाचें नसतें. हें कसें साधावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम तबकडीचा विचार करूं. हिंदुस्थानांत तबकडीसाठीं गाण्याचें व्यापारी मुद्रण सुरू झालें तें १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग हे तज्ज्ञ त्यासाठीं आले होते. त्या मुक्कामांत त्यांनीं ज्यांचें गाणें टिपलें, त्यांत गौहरजान यांचें नांव पुढें सर्वांत गाजलें. त्या काळीं तबकड्या छापून येत त्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरांतून. कोणती तबकडी कोणाची, हें तेथील कामगारांना कळावें म्हणून गाणें संपतांच गायिका आपलें नांव इंग्रजींत पुकारीत असे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्याजवळ सियालदा येथें कारखाना निघाला, आणि तबकडी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत येऊन बसली.

ही तबकडी म्हणजे काय वस्तु होती, हें गवयानें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण तिचे गुणदोष न जाणतां तिच्यापासून शिकूं जाणें धोक्याचें आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें बसे. बारा इंचीवर फार तर चार-साडेचार मिनिटांचें. १९२५ पर्यंत विजेच्या मायक्रोफोनची सोय नव्हती. गायकास मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं बसून, आवाज चढवून गावें लागे. तंबोऱ्याचा नाद त्यांत जेमतेम उमटे, तबल्याचा बायां बुजून जाई, आणि हलक्या आवाजांतील काम यंत्राला ऐकूंच येत नसे. म्हणून त्या काळच्या एखाद्या तबकडींत गायकाचा आवाज चिरका अथवा जोरकस वाटला, तर तो त्याच्या गळ्याचा स्वभावच होता, असें एकदम ठरवूं नये. तो पुष्कळदां कर्ण्यासाठीं काढलेला आवाज असे.

दुसरी गोष्ट वेगाची. या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे या गतीनें फिरावयाच्या, असें धरलेलें असे. पण चावीच्या यंत्राची गति सहज कमीजास्त होई, आणि मुद्रणाच्या वेळची गतिही सर्व ठिकाणीं एकच असे असें नाहीं. ७८ च्या ऐवजीं ८२-८३ फेरे झाले, तर सबंध गाणें जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतें. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनमध्यें गातांना ऐकूं येतो. स्वराबरोबर लयही वाढते आणि ताना आहेत त्याहून चपळ वाटतात. आज हीं जुनीं गाणीं मोबाइलवर सहज मिळतात. पण त्यांतील कित्येक कोणीतरी घरच्या यंत्रावर तबकडी लावून उतरलेलीं असतात, आणि मूळची चूक त्यांत तशीच राहिलेली असते. त्या वेगाशीं स्पर्धा करून गळा शिणविणारे तरुण, वास्तविक गवयाशीं स्पर्धा करीत नसून यंत्राच्या सैल झालेल्या स्प्रिंगशीं करीत असतात.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ज्या गवयाला बैठकींत एका रागासाठीं तास तास लागे, त्याला तोच राग तीन मिनिटांत मांडावयास सांगितलें, तेव्हां त्यानें काय ठेवलें आणि काय टाकलें? येथें तबकडी शिकणाऱ्याला एक दुर्मिळ संधि देते. जें ठेवलें, तें त्या गवयाच्या मतें रागाचें मर्म होतें. अब्दुल करीमखांसाहेब किंवा फैयाजखांसाहेब यांच्या तबकड्या या दृष्टीनें ऐकाव्या. पहिल्या अर्ध्या मिनिटांतच रागाची ओळख कशी पटते, कोणत्या दोन-तीन स्वरसंगतींनीं ती पटते, हें टिपून ठेवावें. मोठ्या मास्तरांनीं फळ्यावर चार ओळींत काढून दिलेल्या गोषवाऱ्यासारखा तो प्रकार आहे.

परंतु गोषवारा म्हणजे धडा नव्हे. तबकडींत दीड मिनिटाला तान सुरू होते, ती घड्याळाच्या धाकानें. रागाला तिची त्या वेळीं गरज होती म्हणून नव्हे. हें प्रमाण जो बैठकींत नेतो, त्याचें सारें भांडवल पंधरा मिनिटांत संपतें, आणि मग तो त्याच ताना पुन्हां पुन्हां घेऊं लागतो. १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घ वेळाची तबकडी निघाली व पुढें ती आपल्याकडेही आली, तेव्हां ही अडचण पुष्कळ कमी झाली. अमीरखांसाहेबांची १९६० च्या सुमाराची मारवा आणि दरबारी या रागांची तबकडी प्रसिद्ध आहे. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. तेथें विलंबित लयींतील बढत आपल्या पावलानें चालते आणि मौनालाही जागा मिळते. फैयाजखांसाहेबांच्या बाबतींत तर दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत: तीन मिनिटांच्या तबकड्या, आणि नभोवाणीसाठीं झालेलें व पुढें प्रसिद्ध झालेलें अधिक विस्तृत गायन. एकाच गवयाचे हे दोन नमुने शेजारीं ठेवून ऐकले, तर गोषवारा आणि धडा यांतील अंतर आपोआप कळतें.

आतां ऐकावें कसें? ज्याला गावयाचें आहे त्यानें पहिल्या वेळीं तबकडी केवळ ऐकावी. गुणगुणूं नये, मान हलवूं नये, मध्येंच थांबवूं नये. दुसऱ्या वेळीं गायकाचा षड्ज शोधावा व तो पक्का मनांत धरावा. तिसऱ्या वेळीं गाण्याकडे दुर्लक्ष करून केवळ ठेक्याकडे लक्ष द्यावें: चीज कोणत्या मात्रेवरून उठते, सम कशी गांठली जाते, समेच्या आधींची वाट दर वेळीं एकच आहे कीं बदलते. चौथ्या वेळीं श्वास ऐकावा. गवई श्वास कोठें घेतो, हें ज्याला कळलें त्याला त्याच्या गाण्याचीं वाक्यें कोठें संपतात तें कळलें. त्यानंतर यंत्र बंद करून ठेवावें. तंबोरा स्वतःच्या स्वरांत लावावा, आणि तोच राग अर्धा तास स्वतः गावा. ऐकलेली तान आठवली तर ती बुद्ध्या टाळावी. गातांना कोठें तरी अडचण येतेच. मध्यम सोडून वर कसें जावें, अंतऱ्याकडे कसें वळावें, असा कांहींतरी प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशीं पुन्हां तबकडीकडे जावें. कालपर्यंत जी जागा केवळ गोड वाटत होती, ती आज उत्तर म्हणून ऐकूं येते.

येथें महाभारतांतील एकलव्याची आठवण होणें साहजिक आहे. त्यानें द्रोणाचार्यांची मातीची मूर्ति केली आणि तिच्यासमोर धनुर्विद्या साधली. तबकडी ही गवयाच्या घरांतील तशीच मूर्ति आहे, असें म्हणतां येईल. पण मूर्तीसमोर बाण सोडतांना चूक झाली तर मूर्ति बोलत नाहीं. एकलव्याला आपली चूक आपणच ओळखावी लागली, आणि ती ओळखण्याइतकी दृष्टि त्याच्यापाशीं होती. सामान्य विद्यार्थ्यापाशीं ती आरंभीं नसते. गळा दाबून निघालेला स्वर त्याला स्वतःला गोड वाटतो. खालीं उतरलेला गंधार त्याला बरोबर वाटतो. तबकडी शंभर वेळां लावली तरी ती त्याला एकदांही थांबविणार नाहीं. गुरु थांबवितो.

या बाबतींत पंडित भीमसेन जोशी यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. १९२२ सालीं जन्मलेल्या या मुलानें गदगास एका दुकानांत अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरीची तबकडी ऐकली. तिनें त्याला वेड लावलें. त्या वेडापायीं १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो घर सोडून निघून गेला. ही कथा सांगतांना आपण बहुधा तबकडीच्या जादूवर भर देतों. गवयानें मात्र तिचा दुसरा भाग पाहावा. ती ठुमरी तशीच्या तशी गातां येईपर्यंत तो मुलगा दुकानापुढें बसून राहिला नाहीं. असें गाणें शिकविणारा कोण भेटेल, या शोधांत तो उत्तर हिंदुस्थानांत हिंडला, आणि अखेर खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळास त्यानें अनेक वर्षें खडतर तालीम घेतली. तबकडीनें त्याला दार दाखविलें. आंत जाण्यासाठीं त्याला चालावें लागलें.

दुसरें उदाहरण याहूनही बोलकें आहे. १९२४ सालीं बेळगांवजवळ सुळेभावी येथें जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, यांना बाळपणींच अशी विलक्षण देणगी होती कीं, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते हुबेहूब गाऊन दाखवीत. गांवोगांवच्या जलशांत लोक या बालकाला पाहावयास व ऐकावयास गर्दी करीत. एखाद्या सामान्य मुलाचें आयुष्य या कौतुकांतच संपलें असतें. पण कुमार लहानपणींच मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या विद्यालयांत आले. देवधर हे पलुसकरांच्या परंपरेंतले, अनेक घराण्यांच्या विद्येचा आदरानें संग्रह करणारे, लिहिणारे-वाचणारे शिक्षक. तेथें या मुलाला राग म्हणजे काय, तो एका गवयाचा कां व कसा होतो आणि दुसऱ्याचा कसा, याचा विचार करण्याची संवय लागली. पुढें क्षयाच्या आजारानें त्यांना देवासला राहावें लागलें आणि कांहीं वर्षें गाणें वर्ज्य झालें. त्या सक्तीच्या मौनांत त्यांनीं माळव्याचीं लोकगीतें ऐकलीं, त्यांच्या धुनांत दडलेले राग शोधले, आणि बरे झाल्यावर जें गाणें ते गाऊं लागले, तें कोणाच्याही तबकडीसारखें नव्हतें. अनुकरणाची एवढी शक्ति ज्याला जन्मतः मिळाली, त्यानेंच अनुकरणापासून सर्वांत लांबचा प्रवास केला, ही गोष्ट नुसत्या कानावर विसंबणाऱ्या प्रत्येक होतकरू गवयानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां ग्रंथाकडे वळूं. आपल्या गायनाला आधुनिक छापील आधार मिळाला तो मुख्यतः दोन विष्णूंमुळें. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि वर्गांत शिकवितां यावें म्हणून स्वतःची स्वरलिपि तयार करून क्रमवार पुस्तकें छापलीं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं वकिलीचा व्यवसाय बाजूस सारून देशभर प्रवास केला, जुने संस्कृत ग्रंथ तपासले, गवयांकडून चीजा मिळविल्या, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठी ग्रंथ चार भागांत लिहिला. शिवाय ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून शेंकडों परंपरागत चीजा स्वरलिपीसह सर्वांना खुल्या केल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपानें लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरु समाधान करतो, पुन्हां शिष्य आडवा प्रश्न विचारतो. गुरुमुखी विद्या छापतांना देखील तिला प्रश्नोत्तरांचें रूप द्यावें, असें त्या विद्वानाला वाटलें, यांत मोठें औचित्य आहे.

स्वरलिपि वाचतांना गवयानें काय ध्यानांत ठेवावें? भातखंड्यांच्या लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र स्वराखालीं बिंदु, तार स्वरावर बिंदु. खुणा थोड्या व सोप्या आहेत, आणि हाच त्यांचा गुण. पण या सोपेपणाचीही एक मर्यादा आहे. दरबारी कानड्याचा कोमल गंधार, बागेश्रीचा कोमल गंधार आणि भीमपलासाचा कोमल गंधार, तिघांसाठीं पुस्तकांत खूण एकच. कानाला मात्र ते तीन निराळे जीव आहेत. दरबारीचा गंधार आंदोलन घेत, जणूं वजनानें खालीं झुकत येतो. भीमपलासाचा मध्यमाच्या आधारानें उभा राहतो. पुस्तकावरून ज्यानें दरबारी बसविली आणि ती कोणाकडून ऐकली नाहीं, त्याची दरबारी व्याकरणशुद्ध असूनही दरबारी होत नाहीं.

मग ग्रंथ कशासाठीं? जेथें कान फसतो तेथें ग्रंथ सावध करतो, यासाठीं. मारवा, पुरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीं. तबकड्या ऐकून ज्यानें हे राग उचलले, त्याच्या गाण्यांत ते एकमेकांत केव्हां मिसळले हें त्याला कळतही नाहीं. ग्रंथ त्याला सांगतो कीं मारव्याचा भर रिषभ-धैवतावर, पुरियाचा गंधार-निषादावर. पुरियाचें मन मंद्र सप्तकांत रमतें, सोहनीचें तार सप्तकांत. तसेंच भूप आणि देशकार यांचें. आरोह-अवरोहाचे पांच स्वर तेच; पण भुपांत गंधार प्रधान, देशकारांत धैवत, आणि एवढ्यानें एक राग रात्रीचा होतो व दुसरा सकाळचा. एवढें वाचून मग तबकडी लावावी. आतां कान काय शोधावयाचें तें जाणतो.

ग्रंथाचा दुसरा उपयोग शब्दांसाठीं. तीन मिनिटांच्या गडबडींत पुष्कळ तबकड्यांतून अंतरा अर्धवट राहतो, किंवा ब्रज भाषेंतील शब्द इतके ओढले जातात कीं ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाहीं. शब्द कळले नाहींत म्हणून मनाला येईल तीं अक्षरें घालून चीज गाणें, हा आपल्याकडील मराठी, कानडी गवयांवरचा जुना आरोप आहे, आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. क्रमिक पुस्तकांत ती चीज शोधावी, शब्द पाहावे, कर्त्याची मुद्रा आहे का तें पाहावें. मात्र पुस्तकांतील पाठ आणि तबकडींतील पाठ यांत फरक आढळला, तर पुस्तकाच्या जोरावर गवयाला खोटें ठरवूं नये, किंवा गवयाच्या नांवावर पुस्तकही फेकून देऊं नये. एकच चीज दोन घराण्यांत दोन तऱ्हांनीं चालत आलेली असते. दोन्ही पाठ वहींत शेजारीं शेजारीं लिहून ठेवणें, हेंच शहाणपणाचें.

श्रोतेहो, ज्यांची तबकडीच नाहीं अशा थोर गवयांचें काय, हाही प्रश्न आहे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोर गुरूंची विद्या ज्यांनीं एका गळ्यांत आणली, त्यांचा आवाज आपल्याला ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादियाखांसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. पण त्यांचेंही गाणें तबकडीवर आलें नाहीं. येथें ग्रंथ मदतीस येतात. गोविंदराव टेंबे यांनीं या दोघांनाही जवळून ऐकलें होतें. १९३९ सालच्या त्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकांत एका जाणत्या कलावंताच्या कानांनीं त्या पिढीचें गाणें ऐकतां येतें. वामनराव देशपांडे यांचा १९६१ सालचा ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ घराण्याघराण्यांतील स्वर आणि लय यांचें प्रमाण उलगडून दाखवितो. हीं पुस्तकें वाचून मग शिष्यांच्या तबकड्यांकडे जावें. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यांत अल्लादियाखांसाहेबांची पेंचदार, लयीच्या अंगानें गुंफलेली तान ऐकूं येते. भास्करबुवांनीं १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. यमन, भीमपलास, भूप, बिहाग यांच्या त्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून आजही घरोघर ऐकल्या जातात. नाटकाचें पद म्हणून रसिक त्या ऐकतो. गवयानें त्या ऐकाव्या त्या एका नाहींशा झालेल्या गवयाचा रागविचार म्हणून. भास्करबुवांनीं रागाचें कोणतें अंग पुढें केलें आणि कोणतें झांकून ठेवलें, हें त्या चालींतून कळतें.

आणि जेथें एकाच कलावंताची तबकडी व ग्रंथ दोन्ही आहेत, तेथें तर शिकणाऱ्याचें भाग्य उघडलें असें समजावें. रामकृष्णबुवा वझे यांच्या तबकड्या आहेत, आणि ‘संगीत कलाप्रकाश’ हा त्यांचा ग्रंथही आहे. कुमार गंधर्वांचें ध्वनिमुद्रित गायन विपुल आहे, आणि १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथांत त्यांच्या स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह छापलेल्या आहेत. अशा वेळीं क्रम असा ठेवावा: आधीं स्वरलिपि वाचून ती बंदिश आपल्या समजुतीप्रमाणें बसवावी, आणि मग कर्त्याच्या तोंडून ती ऐकावी. स्वतःची बंदिश गातांना कर्ता कागदावरच्या स्वरांना धरून बसत नाहीं. एखादा शब्द तो मागें ठेवतो, एखादा स्वर केवळ सूचित करतो, कोठें समेला हुलकावणी देतो. कागद आणि कंठ यांमधील ही जी मोकळी जागा, तीच गवयाची स्वतःची जागा होय. तेथें काय भरावें, हें त्याला ना तबकडी सांगूं शकत, ना ग्रंथ.

शेवटीं, ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी गाणें शिकत आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं दोन शब्द. पाहुणे आले कीं ‘त्या रेकॉर्डसारखें गाऊन दाखव,’ अशी फर्माईश मुलांना करण्याची आपल्याकडे रीत आहे. मूल गातें, टाळ्या पडतात, आणि हुबेहूब गाणें हीच परीक्षा अशी त्याची समजूत होते. त्या ऐवजीं, आज गुरुजींनीं कोणता राग दिला, तो कोठें अडला, असें विचारावें, आणि अर्धवट का होईना, त्याचें स्वतःचें गाणें ऐकावें. घरांत जुन्या तबकड्या असतील तर त्या अडगळींत किंवा भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊं देऊं नयेत. त्या उभ्या ठेवाव्या, एकावर एक रचूं नयेत, आणि कोणाचें गाणें, कोणता राग, कोठून मिळाली हें पाकिटावर लिहून ठेवावें. पुस्तकांचेंही तसेंच. वाडवडिलांच्या क्रमिक पुस्तकांत समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणा असतील, तर त्या पुसूं नयेत. कोणत्या गुरूनें कोणती जागा निराळी सांगितली, याची ती नोंद असते, आणि उद्यां त्या घरांतल्याच एखाद्या गळ्याला तिची गरज पडेल.